वरचं तोफ्ते, खालचं तोफ्ते

दर मंगळवारी दुपारी दोन ते पाच आमच्या वाचनालयात पूर्वज शोधण्याचं काम चालतं. मी इथे एकतीस वर्षं नोकरी करतेय आणि त्यातली शेवटची बारा वर्षं ही मंगळवारची दुपार माझ्या गळ्यात आहे. सहा संगणक, एक कॉफीचं यंत्र आणि साठी ओलांडलेली आठ-दहा माणसं. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो सरकारने इंटरनेटवर फुकट ठेवलेत, तेव्हापासून हे सुरू झालं. पूर्वी पूर्वजांसाठी ऑस्लोला जावं लागायचं, त्यामुळे फारसं कोणी जात नसे. आता ते घरबसल्या मिळतात, आणि पाद्र्याचं अक्षर लागलं नाही की लोक माझ्याकडे येतात.

नवीन माणूस आला की मी विचारते, कशासाठी शोधताय? सगळे म्हणतात, सहज. बारा वर्षांत सहज आलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही. आर्नफिन आला, कारण डॉक्टरने विचारलं की घराण्यात कोणाला हृदयविकार होता का, आणि हे सांगू शकेल असं त्याच्या ओळखीत कोणी जिवंत उरलं नव्हतं. एल्डब्योर्ग आईच्या पाठीमागे राहिलेलं बुटांचं खोकं घेऊन आली. आत दोनशे फोटो, आणि एकाच्याही मागे नाव नाही. आई होती तोवर हिने कधी विचारलं नाही, आणि आता दर मंगळवारी माझं डोकं खाते. एका निवृत्त मास्तरांना आपण राजघराण्यातले असल्याचा दाट संशय होता. पाचव्या पिढीत मेंढीचोर निघाला तसे ते येईनासे झाले. लोक पूर्वज शोधत नाहीत, आपल्या आयुष्याचा जबाब कोणीतरी द्यावा म्हणून येतात, असं माझं मत झालंय. पूर्वज मेलेले असतात, ते काय जबाब देणार?

गुन्वोर तोफ्ते आली ती गेल्या वर्षीच्या जानेवारीत. तीही म्हणाली, सहज.

गुन्वोरला आमच्या खोऱ्यात कोण ओळखत नाही? सव्वीस वर्षं ती पोस्टाच्या खिडकीमागे बसली होती. उंच, हाडापेराने मोठी, बोलणं मोजकं, आणि तिकीट चिकटवायची वेळ आली की तोंडावर असा भाव की हेही मीच करायचं का. पोस्ट बंद झालं तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. मग काही वर्षं किराणा दुकानात माल लावला, मग तेही गुडघ्यांनी बंद पाडलं. लग्न केलं नाही. आईला संधिवात होता, तिचे हात वाकडे होऊन कपही धरवेना झाला होता. ती गेली चौऱ्याण्णव साली, तोवर तिचं सगळं गुन्वोरने केलं. नंतर वडिलांचं केलं. तोर्ग्रिम तोफ्ते आता सत्त्याण्णव वर्षांचा आहे आणि चार वर्षांपासून वृद्धाश्रमात आहे. तिथेही ती रोज जाते. त्याला तिथल्या पोरींच्या हातचं जेवण जात नाही.

आता तोफ्तेची भानगड सांगायला हवी. आमच्याकडे शेताला नाव असतं आणि शेतावर राहणाऱ्याला शेताचंच नाव लागतं. तोफ्ते हे खोऱ्यातलं सगळ्यात चांगलं शेत. दक्षिणेच्या उतारावर, बर्फ सगळ्यात आधी तिथलं वितळतं. वर मोठं घर, तिथे आमुन्द तोफ्ते आणि त्याची माणसं राहतात. खाली रस्त्याच्या वळणावर एक लहान पिवळं घर आहे, ते गुन्वोरचं. दोघांचं आडनाव एकच. आणि या दोन घरांमध्ये शंभर वर्षांत कोणी कोणाच्या घरी कॉफी प्यायलेलं नाही.

कारण असं सांगतात, म्हणजे तोर्ग्रिम सांगायचा, आणि तो सांगायला लागला की थांबत नसे. इथला कायदा असा की शेत थोरल्या मुलाला जातं. तोर्ग्रिमचा आजा आन्द्रेआस हा थोरला. त्याचा धाकटा भाऊ क्रिस्तियान. क्रिस्तियानने आन्द्रेआसला दारू पाजली, कागदावर सही घेतली आणि शेत घशात घातलं. आन्द्रेआसला खाली वळणावर हे चार खोल्यांचं घर बांधून दिलं आणि तोंड बंद केलं. वरचे सगळे त्या क्रिस्तियानचे वंशज. आमुन्द त्याचा पणतू. चोरांची अवलाद, असं तोर्ग्रिम म्हणायचा. दुकानात म्हणायचा, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणायचा, एकदा राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत हातात झेंडा धरूनसुद्धा म्हणाला होता.

आणि पंचाहत्तर साली गुन्वोर आणि आमुन्द यांचं जमलं.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते, मला सगळं आठवतं. ते दोघं दूध संकलन केंद्राच्या मागे उभे राहून बोलायचे आणि त्यांना वाटायचं कोणाला दिसत नाही. ईस्टरच्या शनिवारी आमुन्द चांगला कोट घालून खाली पिवळ्या घरी आला. तोर्ग्रिमने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दारातच म्हणाला की तुझ्या पणज्याने आमचं शेत नेलं, तू आता माझी मुलगी न्यायला आलास का? मग मागे वळून गुन्वोरला म्हणाला, तूच सांग याला. आणि गुन्वोरने आमुन्दला नाही म्हणून सांगितलं. आमुन्दने दोन वर्षं वाट पाहिली, मग पलीकडच्या खोऱ्यातली मुलगी केली. तीन मुलं झाली, आता नातवंडं आहेत. गुरुवारी किराण्याच्या दुकानात तो आणि गुन्वोर समोरासमोर येतात. दोघंही मान हलवतात आणि आपापल्या गाडीत बटाटे भरतात.

तर ही गुन्वोर मार्च महिन्यात, म्हणजे यायला लागल्यावर दोन महिन्यांनी, कॉफी पिता पिता मला खरं बोलली.

"मला ते खरं निघायला हवंय, सोलफ्रिद."

"अगं, निघालं तरी काय? शेत परत थोडंच मिळणार आहे?"

"शेत कोणाला हवंय? माझ्याने कोंबडी पाळवत नाही आता." तिने कप खाली ठेवला. "तेव्हा मी नाही म्हटलं ना. बाबांवर अन्याय झालाय, त्यांच्या बाजूने उभं राहायला हवं, म्हणून म्हटलं. तो अन्याय झाला होता, एवढं मला कागदावर बघायचंय. मग मी गप्प बसेन."

मी म्हटलं की आपल्या गावाचा इतिहास छापलेला आहे, प्रत्येक शेताची माणसं त्यात पिढ्यानपिढ्या दिली आहेत, मागच्या कपाटात पुस्तक आहे, पाच मिनिटांचं काम. तिने नको म्हणून मान हलवली. ते पुस्तक अठ्ठावन्न साली निघालं तेव्हा समितीचा अध्यक्ष वरचा तोफ्ते होता, आमुन्दचा आजा. खोऱ्यात प्रत्येक घरात ते पुस्तक बायबलशेजारी असतं, फक्त पिवळ्या घरात ते कधी आलं नाही. तोर्ग्रिम म्हणायचा, ते विकलेलं पुस्तक आहे. चर्चची मूळ नोंदवही मात्र कोणी विकत घेऊ शकत नाही. पाद्र्याने ज्या दिवशी लिहिलं तसाच फोटो पडद्यावर येतो. म्हणून गुन्वोर इंटरनेटवर आली होती. तिला दुसऱ्या कोणाच्या तोंडचं नको होतं.

ती कष्टाळू होती, हे मला कबूल करायला हवं. सव्वीस वर्षं लोकांच्या पत्त्यांचं अक्षर लावलेली बाई. उन्हाळा येईपर्यंत ती जुन्या पाद्र्यांचं अक्षर माझ्यापेक्षा भराभर वाचायला लागली. वडिलांच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळाली, त्यात बापाचं नाव नुसतं आन्द्रेआस तोफ्ते. मग ती मागे गेली आणि अठराशे बासष्टमध्ये तिला तो सापडला. आन्द्रेआस, तोफ्तेचा शेतमालक एंगेब्रेत याचा थोरला मुलगा. सहा वर्षांनी धाकटा क्रिस्तियान. अगदी तोर्ग्रिम सांगायचा तसं. त्या दिवशी गुन्वोरने सगळ्यांना केक आणला. पोस्टात निरोप समारंभाला तिने केक आणला नव्हता.

तिथून मागे जाणं सोपं होतं, मालकांची नोंद चांगली ठेवलेली असते. सात पिढ्या झाल्या. तिने वंशवृक्ष शहरातून जाड कागदावर छापून आणला, चौकट केली आणि तोर्ग्रिमच्या सत्त्याण्णवाव्या वाढदिवसाला वृद्धाश्रमात घेऊन गेली. मला वाटलं, म्हातारा आता ती चौकट छातीशी धरून सगळ्या मजल्यांवर फिरेल. पुढच्या मंगळवारी मी विचारलं, काय म्हणाले बाबा?

गुन्वोर म्हणाली की त्यांनी खूप वेळ पाहिलं. बोट लावून एकेक नाव वाचलं. मग म्हणाले, हे कशाला करत बसलीस? मेलेल्यांना झोपू दे. आणि चौकट भिंतीला लावू दिली नाही, कपाटात कपड्यांच्या मागे ठेवायला लावली.

"थकलेत गं," ती म्हणाली. "आनंद व्हायलासुद्धा ताकद लागते."

मला ते पटलं. आम्ही सगळेच थकलो होतो.

पण तिचं काम पुरं झालं नव्हतं. तिला सहीचा कागद हवा होता, दारू पाजून घेतलेल्या सहीचा. जमिनीचे जुने व्यवहार नोंदलेल्या वह्यांचेही फोटो आहेत. तिने अठराशे ऐंशीपासून एकोणीसशे पाचपर्यंत पंचवीस वर्षांच्या वह्या पान न् पान चाळल्या. अशी सही कुठे नाही. शेत एंगेब्रेतकडून सरळ क्रिस्तियानकडे गेलेलं, एकुलता एक मुलगा असल्यासारखं. मी म्हटलं, मधल्या काळात आन्द्रेआस कुठे होता ते बघ, खानेसुमारीत बघ. अठराशे पंचाहत्तरच्या खानेसुमारीत वरच्या घरात तो नव्हता. ती म्हणाली, कुठे कामाला पाठवला असेल. तेरा वर्षांच्या थोरल्याला, ज्याला शेत मिळायचंय, त्याला कोण कामाला पाठवतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी तिला पुढची वही उघडून दिली.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी ती दफनांची वही बघत होती. मी आर्नफिनला त्याचा पासवर्ड चौथ्यांदा बदलून देत होते. मला एकदम जाणवलं की गुन्वोरचा माउस बराच वेळ हललेला नाही. मी मागे गेले. ती मला म्हणाली, तू वाच. तिला माझ्यापेक्षा चांगलं वाचता येत होतं, तरी म्हणाली, तू वाच.

मी वाचलं. अठराशे सहासष्ट, फेब्रुवारी. आन्द्रेआस, शेतमालक एंगेब्रेत तोफ्ते याचा मुलगा, वय चार वर्षं. डांग्या खोकला.

सात पिढ्यांचा जाड कागद एका चार वर्षांच्या पोराच्या खांद्यावर उभा होता.

पूर्वज शोधणाऱ्यांच्या हातून ही चूक नेहमी होते. त्याच अठराशे बासष्ट साली तोफ्तेवर दुसरा एक आन्द्रेआस जन्मला होता. खाली. मालकाच्या जमिनीवर झोपडं बांधून राहायचं आणि भाड्याऐवजी मालकाच्या शेतात राबायचं, अशी गड्यांची घरं तेव्हा प्रत्येक मोठ्या शेताखाली असायची. तोफ्तेच्या खाली पेदेर नावाचा गडी होता. त्याचा मुलगा आन्द्रेआस. जागेचं नाव तोफ्ते, म्हणून मालकही तोफ्ते आणि गडीही तोफ्ते. अठराशे पासष्टच्या खानेसुमारीत सरकारने जनावरंही मोजली होती. वर चौदा गाई, दोन घोडे. खाली एक गाय, तीन मेंढ्या, पेरायला अर्धं पिंप बटाटे. पुढची सगळी वर्षं खालचा आन्द्रेआस मिळत गेला, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे तोच शब्द, गडी. अठराशे एक्क्याण्णव, गडी. एकोणीसशे, गडी. आणि मग एकोणीसशे आठ सालचा एक कागद. क्रिस्तियान तोफ्तेने खालच्या वळणावरची जागा आणि घर आन्द्रेआसच्या नावावर करून दिलं होतं. बदल्यात काही घेतलं नव्हतं. बाप आणि मुलगा यांनी चाळीस वर्षं इमानाने काम केलं म्हणून, असं त्यात लिहिलं होतं.

म्हणजे त्यांनी यांचं काही नेलं नव्हतं. उलट गुन्वोर ज्या घरात जन्मली ते त्यांनी दिलं होतं.

संध्याकाळ व्हायला आली, बाकीचे गेले. गुन्वोर खुर्चीवरून उठली नाही. मी कपबशा विसळून ठेवल्या, खिडक्या लावल्या. मला वाटत होतं ती रडेल तर बरं. शेवटी म्हणाली, "दे आता ते पुस्तक. त्यात काय लिहिलंय तेही बघून टाकू."

मी मागच्या खोलीत गेले. ते पुस्तक आता कोणी नेत नाही, सगळ्यांच्या घरी आहे. आमची प्रत अठ्ठावन्नचीच. शेवटच्या पानाला कागदी खिसा, खिशात जुनं कार्ड. संगणक येण्यापूर्वी पुस्तक नेणारा त्या कार्डावर आपल्या हाताने नाव आणि तारीख लिहायचा. सवयीने मी कार्ड काढून पाहिलं. सगळी मिळून अकरा नावं. नववं नाव होतं तोर्ग्रिम तोफ्ते. सतरा मार्च एकोणीसशे पंचाहत्तर. दुसऱ्याच दिवशी परत.

ईस्टरचा शनिवार त्यानंतर बारा दिवसांनी आला होता.

कोणी काय वाचायला नेलं हे आम्ही सांगत नाही. हा आमच्या धंद्याचा नियम आहे आणि एकतीस वर्षांत मी तो एकदाही मोडलेला नाही. मुलाने काय नेलं हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याने काय नेलं हे बायकोला सांगितलेलं नाही. मी त्या थंड खोलीत कार्ड हातात धरून उभी राहिले. मला राग आला होता. त्याचा आला, तिचा आला, माझा स्वतःचाही आला, की मी हिला मार्चमध्येच, नको गं या नादाला लागू, असं का नाही म्हटलं. कार्ड माझ्या खिशात घालणं अगदी सोपं होतं. मी ते परत कागदी खिशात सरकवलं आणि पुस्तक तिच्यासमोर ठेवलं.

तोफ्तेचं पान तिने पुरं वाचलं. पुस्तकात सगळं बरोबर होतं, वरची माणसं वर आणि खालची खाली. विकलेलं वगैरे काही नव्हतं. मग ती सरकारी नोकरीतली बाई, कागद पुढे-मागे तपासल्याशिवाय ठेवणार नाही. तिने शेवटचं पान उघडलं.

"हे बाबांचं अक्षर आहे," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. मग तिने तारीख पाहिली. तिने माझ्याकडे वर पाहिलं आणि मी नजर चुकवली नाही, एवढंच मला त्या दिवशी जमलं.

"रविवारी चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मी एकटी गेले तर त्यांना काहीतरी करेन."

ती काही करणार नव्हती हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिने आयुष्यात माशीला हाकलतानासुद्धा खिडकी उघडली आहे. पण मी गेले.

रविवारी वृद्धाश्रमात दोन वाजता वाफल्स असतात. तोर्ग्रिम खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसला होता. अंगाने वाळून गेलाय, पण डोकं ठिकाणावर आहे, हे मला मुद्दाम सांगायला हवं. त्याला काल काय खाल्लं तेही आठवतं. गुन्वोरने नेहमीप्रमाणे त्याचं वाफल घेतलं, त्यावर तपकिरी चीजचा पातळ तुकडा ठेवला, लहान लहान घास केले. उजव्या कानाने त्याला बरं ऐकू येतं, म्हणून ती उजवीकडे बसली. दोन घास भरवले. मग बोलली.

"बाबा, आपण गडी होतो."

तो चावत राहिला. गिळलं. "हो," म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं."

"आता माहीत असून काय."

"आता नाही. तेव्हा. आमुन्द दारात आला तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

खिडकीबाहेर कोणीतरी बर्फ यायच्या आधीची शेवटची पानं गोळा करत होतं. म्हाताऱ्याने तिकडे पाहिलं. मला वाटलं आता झोपेचं सोंग घेईल, या वयात ते कोणालाही शोभून जातं. पण त्याने घेतलं नाही, आणि एवढ्यासाठी मी त्याला थोडा मान देते.

"लहानपणापासून मला थोरल्याचीच गोष्ट सांगितलेली," तो म्हणाला. "माझ्या बापाने. तू त्या पोराबरोबर फिरतेस हे कळलं, तेव्हा म्हटलं पुस्तकात बघून ठेवू, तो आला की तोंडावर फेकू. बघितलं तर हे."

"मग?"

"मग काय. रात्रभर वाचलं आणि परत दिलं."

"मग त्याला हाकललंत कशाला?" गुन्वोरचा आवाज चढला नव्हता. पोस्टाच्या खिडकीतून, अर्ज अपुरा आहे, हे ती जशी सांगायची तसाच होता.

तोर्ग्रिमने हात खुर्चीच्या काठावर ठेवले. "वरच्या लोकांना सगळं ठाऊक होतं. मी गावभर चोर म्हणत फिरलो आणि ते ऐकून घेत होते, एकाने उलट शब्द काढला नाही. अशांच्या टेबलाशी जेवायला बसायचं मी? व्याही म्हणून?" मग हलक्या आवाजात म्हणाला, "आणि तुझी आई. तिला तेव्हा वेणीसुद्धा घालता येत नव्हती. तू वर गेली असतीस तर तिचं कोणी केलं असतं? मी?"

"तसं सांगायचं होतंत," गुन्वोर म्हणाली. "आईसाठी राहा म्हणाला असतात तर मी राहिले असते. मी तरीही राहिले असते, बाबा."

"तसं सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी राहिली नसतीस," तो म्हणाला. "तिच्यासाठी राहिली असतीस."

मी माझ्या ताटलीतल्या जामकडे बघत बसले. मला त्याची कीव येत होती, आणि कीव येते याचा संताप येत होता. गुन्वोरने रुमाल घेतला. त्याच्या हनुवटीवर चीज लागलं होतं, ते पुसलं. उरलेले घास भरवले, सगळे. कॉफी गार झाली होती ती बदलून आणली. मग कपाटातून चौकट काढली, कपड्यांच्या मागची, आणि काखेत धरली.

आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा त्याने मागून विचारलं, "उद्या येशील ना?"

ती थांबली, पण वळली नाही. "येईन," म्हणाली.

बाहेर गाडीत बसल्यावर मी चावी फिरवली नाही. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं की तू उद्या नाही गेलीस तरी जगातलं कोणीही तुला नाव ठेवणार नाही. तिथे पोरी आहेत, त्या भरवतील, आणि नाही जेवला एक दिवस तर नाही जेवला. त्याला थोडं कळू दे. वर मी असंही म्हटलं की तू वर जाऊन आमुन्दला निदान सांगून तरी ये, एवढं तू त्याचं देणं लागतेस.

तिने चौकट मांडीवर आडवी धरली होती. काचेखाली सात पिढ्या, सगळी परक्यांची माणसं, आणि सगळ्यात खाली एकट्या तिचं नाव.

"हे आमुन्दच्या दारात ठेवून येईन. त्याचेच आहेत हे सगळे, आणि त्याच्याकडे पुढे लिहायला नातवंडं आहेत," ती म्हणाली. "पण उद्या मी जाणार, सोलफ्रिद. त्यांनी तेवढी सोय बरोबर करून ठेवली. मला दुसरं आहे कोण?"